भाड्याच्या घरात मालकाचा प्रवेश : हक्क आणि मर्यादा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

घर भाड्याने देणे-घेणे हा व्यवहार आता केवळ मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांतही बदलून आलेले शिक्षक, आरोग्य केंद्रातील परिचारिका, बँकेतील लिपिक, साखर कारखान्यातील कामगार हे कोणाच्या तरी वाड्यात अथवा नव्या इमारतीत दोन खोल्या घेऊन राहतात. व्यवहार ठरताना भाडे किती, अनामत किती, नळाला पाणी किती वेळ येते याची चौकशी होते. एक गोष्ट मात्र त्या वेळी सहसा कोणी विचारीत नाही, आणि पुढे अनेक कटकटी तिच्यातूनच उभ्या राहतात. घर एकदा भाड्याने दिल्यावर मालकाने त्या घरात केव्हा आणि कशा रीतीने पाऊल टाकावे, ही ती गोष्ट होय.

मालकाला याचे उत्तर सोपे वाटते. घर त्याचे, सातबारा अथवा मिळकतपत्रिका त्याच्या नावाची. मग आपल्याच घरात जाण्यास परवानगी कसली? भाडेकरूलाही उत्तर तितकेच सोपे वाटते. दरमहा भाडे चुकते केले जाते. मग मालकाने उंबरा ओलांडण्याचे कारणच काय? कायद्याला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, अशी वस्तुस्थिती एकाच घराच्या बाबतीत एकाच वेळी असू शकते, या पायावर भाडेपट्ट्याचा सारा कायदा उभा आहे. हा पाया ध्यानात घेतला की पुढील तरतुदींचा अर्थ लावणे कठीण जात नाही.

या विषयावरील सर्वांत जुनी आणि आजही लागू असलेली तरतूद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात सापडते. या अधिनियमानुसार भाडेपट्टा म्हणजे मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क मोबदला घेऊन दुसऱ्यास देणे. ज्याने उपभोगाचा हक्क दिला, त्याच्यापाशी मालकी उरते. उपभोग उरत नाही. कलम १०८ मध्ये दोन्ही पक्षांची कर्तव्ये सांगितली आहेत. भाडेकरू भाडे देत राहील आणि करारातील अटी पाळील, तोपर्यंत त्याने ती जागा विनाअडथळा धारण करावी, असे मालकाने वचनच दिले आहे असे कायदा मानतो. करारात तसे लिहिलेले नसले तरी हे वचन गृहीत धरले जाते. त्याच कलमात भाडेकरूवर पुढील कर्तव्य आहे : जागा मिळाली तशा सुस्थितीत राखावी, आणि मुदतीच्या काळात मालकास अथवा त्याच्या प्रतिनिधीस वाजवी वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहू द्यावी. भाडेकरूच्या कृत्यामुळे काही बिघाड झाल्याचे आढळले व मालकाने तशी नोटीस दिली, तर तीन महिन्यांच्या आत तो दुरुस्त करून देणे भाडेकरूवर बंधनकारक आहे.

भाडेकरूची शांतता आणि मालकाची पाहणी या दोन्ही गोष्टी एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी या दोहोंत विरोध पाहिला नाही. आज मात्र त्या परस्परविरोधी मानून भांडणे होतात.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा

राज्य पुनर्रचनेनंतरही महाराष्ट्रात भाडे नियंत्रणाचे तीन निरनिराळे कायदे बराच काळ चालू होते. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रास १९४७ चा मुंबई अधिनियम, विदर्भास मध्य प्रांत व वऱ्हाडाचा १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यास १९५४ चा हैदराबाद अधिनियम लागू होता. या तिहींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या अधिनियमाचे कलम २८ प्रस्तुत विषयाला थेट भिडते. भाड्याने अथवा अनुज्ञप्तीवर दिलेल्या जागेची तपासणी करण्याचा मालकास हक्क आहे. मात्र ती वाजवी वेळी आणि भाडेकरूस, अनुज्ञप्तीधारकास किंवा जागेत राहणाऱ्यास पूर्वसूचना देऊन केली पाहिजे, असे हे कलम सांगते.

कलम अवघ्या एका वाक्याचे आहे, परंतु त्यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. प्रथम, हक्क आहे तो तपासणीचा. येऊन बसण्याचा, आपले सामान ठेवण्याचा, कोण पाहुणे आले आहेत ते पाहण्याचा हा हक्क नव्हे. दुसरे, वेळ वाजवी हवी. शिक्षिका शाळेत गेली असताना दुपारी, अथवा घरातील माणसे निजल्यावर रात्री दहा वाजता केलेल्या तपासणीला वाजवी म्हणता येणार नाही. तिसरे, सूचना आधी हवी. दारावर थाप मारून “आलो आहे” असे सांगणे म्हणजे पूर्वसूचना नव्हे, ते आगमनाचे वर्तमान झाले. आणि चौथे, हे कलम भाडेकरूप्रमाणेच लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यालाही संरक्षण देते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाला कसलाच हक्क नसतो, हा समज गावोगाव पसरलेला आहे. निदान या बाबतीत तो चुकीचा आहे.

सूचना किती तास आधी द्यावी आणि ती लेखीच असावी काय, याविषयी कलम २८ मौन बाळगते. येथे केंद्र शासनाच्या आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मापदंड म्हणून उपयोग होऊ शकतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी तो मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्यात प्रवेशापूर्वी किमान २४ तास आधी, लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, तीत प्रवेशाचे कारण, दिवस व वेळ नमूद करावी, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर प्रवेश करू नये, असे म्हटले आहे. आग, पूर, भूकंप, चक्रीवादळ यांसारख्या प्रसंगी मात्र सूचनेची अट नाही. हा नमुना आहे. एखाद्या राज्याने स्वतःचा कायदा करून तो स्वीकारला तरच तो तेथे बंधनकारक ठरतो. महाराष्ट्रातील व्यवहार १९९९ च्या अधिनियमानेच पाहावयाचा आहे. तरीही वाजवीपणा कशाला म्हणावा, असा वाद उभा राहिला तर २४ तास आणि दिवसाउजेड ही दोन मापे कोणाही समंजस माणसाला पटण्यासारखी आहेत.

सूचनेसाठी वकिली भाषा नको. “येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गवंड्याला घेऊन स्वयंपाकघराच्या छताची गळती पाहण्यास येत आहे, ही वेळ सोयीची नसल्यास दुसरी कळवावी,” एवढा मजकूर चिठ्ठीवर किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशात पुरेसा आहे. असा संदेश जपून ठेवला म्हणजे पुढे दोघांनाही पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. १९९९ चा अधिनियम राज्यातील प्रत्येक वाडी-वस्तीला आपोआप लागू होत नाही. त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या व वेळोवेळी अधिसूचित झालेल्या क्षेत्रांपुरता तो आहे. ज्या गावांना तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि उभयतांमधील करार यांवर व्यवहार चालतो. वाजवी वेळी पाहणी आणि विनाअडथळा उपभोग ही तत्त्वे त्यातही आहेतच. त्यामुळे खेड्यातील मालकाला मनास येईल तेव्हा आत शिरण्याची मुभा आहे असा अर्थ निघत नाही.

वाड्यातील घर

शहरातील सदनिकेत दार एक आणि कुलूप एक, त्यामुळे प्रश्न सरळ असतो. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडाची गोष्ट निराळी. तेथे मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच चौकात वावरतात. मालकाचे देवघर बिऱ्हाडकरूच्या मधल्या खोलीपलीकडे असते; धान्याची कणगी माळ्यावर असते आणि माळ्याचा जिना भाड्याच्या खोलीतून जातो; एक खोली मालकाने स्वतःच्या जुन्या सामानासाठी कुलूप लावून राखलेली असते. रोज सकाळी पूजेला जाणारे सासुरवाडीकडील आजोबा किंवा ज्वारी काढावयास माळ्यावर चढणारी मालकीण यांच्या मनात अतिक्रमणाचा विचारही नसतो. तथापि नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला वा परिचारिकेला, दिवसातून चार वेळा कोणीतरी खोलीतून ये-जा करते हे असह्य होते. आणि बोलावे तर घर सोडावे लागेल, या भीतीने ती बोलत नाही.

अशा घरात कायदा हाती घेऊन बसण्यापेक्षा आधी नीट लिहून घेणे अधिक फलदायी ठरते. कोणत्या खोल्या भाड्याने दिल्या, कोणती मालकाने राखून ठेवली, कोणत्या जागा सामाईक, माळ्यावर जाण्याचा मार्ग कोणता आणि तो कोणत्या वेळी वापरावयाचा, हे करारात स्पष्ट असावे. राखून ठेवलेल्या खोलीत जाणे हा मालकाचा अधिकार आहे. मात्र तिच्याकडे जाण्यासाठी भाडेकरूच्या खोलीतून वाट असेल, तर ती वाट उभयतांच्या संमतीनेच ठरली पाहिजे. शक्य असेल तेथे जिना बाहेरून काढणे किंवा देवघराला दुसरे दार पाडणे हाच बरा उपाय. चार हजार रुपयांचे सुतारकाम चार वर्षांचा दावा वाचविते. ओसरी, अंगण, विहीर, सामाईक शौचालय यांना तपासणीची तरतूद लागू करण्याचे कारण नाही. तेथे वापर सर्वांचाच असतो.

कराराच्या नोंदणीकडे या भागात पुष्कळच दुर्लक्ष होते. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ अन्वये भाडेकरार अथवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा खर्च वाचविणारा मालक आपल्याच हाताने आपली बाजू लंगडी करतो, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावयास हवे.

छापील करारनाम्यांत काही वेळा “मालकास केव्हाही व पूर्वसूचनेशिवाय प्रवेश करता येईल” असे वाक्य आढळते. कलम २८ ने पूर्वसूचना आवश्यक ठरविली असताना अशा वाक्यावर विसंबून मालकाने निर्धास्त राहणे शहाणपणाचे नाही. भाडेकरूनेही सही करण्यापूर्वी ते खोडून घ्यावे आणि त्याजागी सूचनेची मुदत लिहून घ्यावी.

दुसरी किल्ली

मालकाने कुलपाची दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवावी की नाही? किल्ली ठेवणे हा गुन्हा नाही. भाडेकरू गावी गेला असता नळ फुटला, विजेच्या तारेतून धूर निघू लागला, गॅसचा वास आला, तर त्या किल्लीने घर वाचते. अशा वेळी आत गेलेल्या मालकाचा हेतू अपकाराचा नसल्याने त्याला दोष देता येणार नाही. त्याने शेजाऱ्यापैकी एखाद्यास बरोबर घ्यावे, भाडेकरूला तत्काळ दूरध्वनी करावा आणि काम होताच कुलूप लावून बाहेर पडावे. पण तीच किल्ली वापरून भाडेकरूच्या गैरहजेरीत कपाटे उघडणे किंवा घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकाला खोल्या दाखविणे ही गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकाला घर दाखविण्याचा स्वतंत्र हक्क कलम २८ मध्ये सांगितलेला नाही. तो संमतीचा भाग आहे, आणि भाडेकरूला दोन दिवस आधी विचारले तर तो सहसा नाही म्हणत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन्ही पक्षांचे हित एकच असते. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणे हे कलम १४ अन्वये मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. ज्या भाडेकरूने गळतीची तक्रार केली, त्यानेच गवंड्याला दाराशी अडवून परत पाठवावे हे शोभणारे नाही. पाहणी नाकारण्याचा सर्वसाधारण अधिकार भाडेकरूला नाही. वेळ बदलून मागण्याचा आहे, पाहणीच्या वेळी घरात हजर राहण्याचा आहे, आणि आपल्या वस्तूंना हात लावू न देण्याचा आहे.

भाडेकरूने अकारण अडवणूक केली तर मालकाने काय करावे? न्यायालयात जावे. कुलूप तोडू नये, वीज तोडू नये, पाणी बंद करू नये. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, सफाई यांसारख्या अत्यावश्यक सेवा रास्त कारणाविना तोडण्यास कलम २९ ने मनाई केली असून तसे करणे शिक्षेस पात्र आहे. भाडे थकले, कराराची मुदत संपली, भाडेकरू महिनोन्महिने कुलूप लावून गेला, या कारणांनी मालकाला घर परत मागण्याचे निरनिराळे मार्ग मिळतात. निवासासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा न सोडणाऱ्यावर अनुज्ञप्ती शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईचा बोजा पडतो. हा मार्ग मालकासाठीच केलेला आहे. तो सोडून रात्री चार माणसे नेऊन सामान रस्त्यावर काढणारा मालक स्वतःच्या न्याय्य बाजूचा नाश करतो. १९८९ साली कृष्णराम महाले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, स्थिर ताब्यात असलेल्या व्यक्तीला, तिला तेथे राहण्याचा अधिकार उरलेला नाही असे मानले तरी, कायद्याचा मार्ग सोडून हुसकावून लावता येणार नाही.

बळाने ताबा घेतला गेलाच, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ चे कलम ६ उपयोगी पडते. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल केला की मालकी कोणाची हा प्रश्न त्या दाव्यात पाहिला जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कायदेशीर मार्गाविना गेला काय, एवढेच पाहिले जाते. सहा महिन्यांची ही मुदत पुष्कळांना ठाऊक नसते. बोलाचालीत आणि मध्यस्थीत ती निघून जाते, म्हणून ज्यांच्याकडे अशी माणसे सल्ला विचारावयास येतात त्यांनी ती पक्की लक्षात ठेवावी.

फौजदारी कायद्याकडे वळताना थोडा संयम हवा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली असून तिच्या कलम ३२९ मध्ये फौजदारीपात्र अतिक्रमण व गृह-अतिक्रमण यांची व्याख्या आहे. त्या व्याख्येत मालमत्ता दुसऱ्याच्या ‘ताब्यात’ असणे पुरेसे आहे. मालकीचा उल्लेख नाही. म्हणून घरमालकसुद्धा स्वतःच्या मालकीच्या घरात अतिक्रमणाचा गुन्हा करू शकतो. परंतु गुन्हा करण्याचा अथवा धाक दाखविण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. न सांगता आलेला प्रत्येक मालक गुन्हेगार ठरत नाही, आणि प्रत्येक तक्रार ‘हा दिवाणी वाद आहे’ असे म्हणून परत पाठविण्यासारखीही नसते. स्त्री भाडेकरूच्या खासगी क्षणांवर चोरून नजर ठेवणे किंवा त्यांचे चित्रण करणे हा तर संहितेच्या कलम ७७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. न्हाणीघरात किंवा शयनगृहात छुपा कॅमेरा आढळल्यास त्यास हात न लावता पोलिसांना बोलावणे हेच योग्य.

भाडेकरू राहावयास आल्याची माहिती पोलिसांना देण्याबाबत अनेक ठिकाणी आदेश निघतात. ते पाळले पाहिजेत. मात्र त्यासाठी मालकाने घरात शिरून कागदपत्रे धुंडाळण्याचे कारण नाही. ओळखपत्राची प्रत करार करतानाच घेता येते.

पंचायत सदस्यांपुढे अशी प्रकरणे येतात तेव्हा बहुधा मालक गावातील असतो आणि भाडेकरू बाहेरचा. मालकाचे मत आहे, भाडेकरूचे नाही. सदस्याची खरी अडचण येथे असते. तंटामुक्त गाव समितीत किंवा पंचायतीच्या ओट्यावर समेट घडवून आणण्यास कोणतीच हरकत नाही. पाहणीचा वार आणि वेळ ठरवून दिली तरी निम्मे भांडण मिटते. परंतु ‘पंचांसमक्ष’ कुलूप तोडल्याने ते तोडणे कायदेशीर होत नाही. तेथे उभे राहून पंचनाम्यावर सही करणाऱ्या सदस्यालाही पुढे उत्तर द्यावे लागू शकते. ग्रामपंचायतीला घराचा ताबा एकाकडून काढून दुसऱ्यास देण्याचा अधिकार नाही. तो न्यायालयाचा आहे.

भाडे नियंत्रण अधिनियमाखालील दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात; जेथे असे न्यायालय नाही तेथे ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यासमोर दाखल करावे लागतात. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कारखान्यातील कामगार यांना उत्पन्नाची मर्यादा न पाहता हे साहाय्य मिळते. अर्जाबरोबर कराराची प्रत, भाड्याच्या पावत्या आणि झालेल्या पत्रव्यवहाराच्या किंवा संदेशांच्या नकला जोडाव्यात. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. ती मिळत नसल्यास भाडे बँकेमार्फत भरावे, म्हणजे नोंद राहते.